मांडवाशिवाय आवतण

१

शेवंतीबाईंचा आवाज मांडवाबाहेर घुमायला लागला, तेव्हा खुद्द शेवंतीबाई हरिहर केळशीकरांच्या शेजारच्या खुर्चीत तोंड मिटून बसल्या होत्या.

डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठच्या कोळीवाड्यात शेजाऱ्यांच्या पोराची हळद होती. शेवंतीबाई गावच्या धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, त्यांनी गायचा, तेव्हा तो विधी पुरा व्हायचा. भटजीसुद्धा त्यांच्या तोंडाकडे बघून पुढचा नारळ उचलत. हळदीचा धवला गाऊन त्या नुकत्याच टेकल्या होत्या आणि हरिहरपंतांना आग्रहाने भाकरी वाढायला सांगत होत्या.

हरिहरपंत ठाण्याच्या कोर्टात उभी हयात फौजदारी वकिली करून आता ठाकुर्लीच्या घरात एकटे राहणारे गृहस्थ. शेवंतीबाईंच्या यजमानांना, उत्तमला, त्यांनी रेतीच्या होडीच्या एका खोट्या केसमधून सोडवलं होतं. तेव्हापासून दर दिवाळीला कोळीवाड्यातून त्यांच्याकडे जिताडा मासा यायचा. उत्तम गेला, वकिली सुटली, पण जिताडा आणि हळदीचं बोलावणं काही सुटलं नाही.

बाहेर डीजेचा टेम्पो लागला. आधी नुसतं ढमढम. मग त्यावर बाईचा आवाज, खडा आणि ताजा, देवांना लग्नाचं आवतण देणारा. मधेच एक भोंगा वाजला, पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि नाच उसळला. हरिहरपंतांच्या हातातली भाकरी हातात राहिली. त्यांना उगीचच खूप भूक लागल्यासारखं झालं. तसं का झालं, हे त्यांना त्या वेळी कळलं नाही.

"ह्यो माजा गला हाय," शेवंतीबाई उठून उभ्या राहिल्या. "माज्या गल्यावर कोन नाचतंय रं?"

भाचा दर्शन धावत गेला आणि टेम्पो बंद करवून आला. हा त्यांच्या धाकट्या भावाचा, दामाजीचा मुलगा. बिल्डरच्या ऑफिसात नोकरीला, तापट, पण आत्यावर जीव टाकणारा. कुठल्याशा चॅनलवर हे गाणं टाकलंय, महिन्याभरापासून बाहेरगावच्या प्रत्येक हळदीत हेच वाजतंय, असं टेम्पोवाला म्हणाला. दर्शनने सगळा मांडव नजरेने चाळला आणि एका मुलीवर बोट रोखलं.

"हिनं विकलं! वर्षभर आत्याच्या घरात मशीन घेऊन बसलेली ना? अभ्यास करते म्हणे. सोमवारी सायबर पोलिसांत कंप्लेंट टाकतो हिच्या नावानं."

ती मुलगी क्षिप्रा, धवल्यांवर पीएचडी करणारी. हातात हळदीची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"आत्या, तू काय तरी बोल ना," दर्शनची बहीण दक्षता रडवेली झाली. पुढच्या आठवड्यात तिचंच लग्न होतं.

शेवंतीबाई बोलल्या, पण भलतंच. "चोर सापडं तवर मी धवला गानार नाय. तुज्या लग्नात पन नाय, पोरी."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरपंतांच्या दाराची बेल वाजली. क्षिप्राच होती. डोळे सुजलेले. तिने चहाला नको म्हटलं आणि पुढ्यात आलेला चहा घटाघट पिऊन टाकला.

"काका, शेवंतीमावशी नेहमी म्हणायच्या, आमचा वकील ठाकुर्लीला आहे. म्हणून आले. माझं नाव एकदा पोलिसांत गेलं ना, की कॉलेजात संपलंच सगळं. माझ्या गाइड बाईंनी फोनवर सांगितलं, चौकशी होईपर्यंत पीएचडी थांबवावी लागेल. आणि मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"यातलं जास्त काय लागलं?"

"दुसरं," ती म्हणाली आणि रडली.

हरिहरपंतांनी तिला रडू दिलं. अशिलाला आधी रडू द्यावं, मग विचारावं, ही त्यांची जुनी रीत. कोर्टनाक्यावर झाडाखाली टायपिस्टांची टकटक चालायची, बाजूला चहावाला ओरडत असायचा आणि त्या कलकलाटात माणसं आपलं सगळं घरचं सांगून मोकळी व्हायची. तेव्हा चोरी म्हटली की कुलूप तुटलेलं असायचं, कौल सरकलेलं असायचं. आता वस्तू जागेवर असते आणि तरी चोरीला गेलेली असते. या वयात कसं पचायचं हे?

"तुझ्याकडे त्यांची किती गाणी आहेत?"

"पुष्कळ. सगळी लॅपटॉपमध्ये. मी शब्द दिला होता, की हा आवाज अभ्यासापुरताच राहील म्हणून. पण काका, जे वाजतंय ते माझ्याकडे नाहीच! देवांना आवतण देतात तो भाग मावशींनी मला कधी गाऊनच दाखवला नाही."

"हे दर्शनला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, डिलीट केलं असशील."

हरिहरपंतांनी मान हलवली. आरोपीने स्वतःसाठी दिलेली साक्ष कोर्टात पै किमतीची नसते, घरात तर त्याहून नसते. "लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हातात गेला होता?"

क्षिप्राने खाली बघितलं. "एकदा. मानपाड्याला दुरुस्तीला दिलेला."

"पासवर्ड?"

"चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवून दिला होता."

हरिहरपंतांनी कपाळावर हात मारला. "अगं, म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली कडीला अडकवलीस की गं!"

३

मानपाड्याच्या रस्त्यावर ऋतुराजचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. दारात मोबाइलची कव्हरं लटकलेली, आत उघड्या पोटाचे कॉम्प्युटर. काचेवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं: लॅपटॉप रिपेअर, डेटा रिकव्हरी, जुन्या आठवणी पेनड्राइव्हमध्ये.

"बोला अंकल," ऋतुराज स्टूल पुढे सरकवत म्हणाला. तिशीचा, केसांना जेल, बोलणं गोड.

हरिहरपंतांनी क्षिप्राचं नाव घेतलं आणि त्या गाण्याचा विषय काढला. ऋतुराजचा हात कानामागे गेला. "ती मॅडम? त्यांची फक्त चार्जिंगची पिन गेलेली. बदलून दिली. अंकल, त्या लॅपटॉपमधून एक जरी फाइल घेतली असेल ना, तर आईची शपथ."

"पासवर्ड तर तुझ्याकडे होता."

"अहो, पासवर्ड सगळेच देतात. बँकेचे देतात, बायकोच्या फोनचे देतात. प्रायव्हसी कुणाची राहिलीय आज? तुम्ही आता इथं आलात, हे तुमच्या फोनला ठाऊक आहे. कायदा बिदा सगळं बोलायला. केस टाकली की तारीख, तारखेवर तारीख, तोपर्यंत गाणं जुनं होतं, दुसरं येतं." तो हसला. "बुरा मत मानो अंकल, तुम्ही कोर्टातले दिसताय."

"होतो," हरिहरपंत म्हणाले. कोर्टाविषयी असलं कुणी बोललं की ते पूर्वी तावातावाने भांडत. हल्ली भांडायला वाक्य सापडत नसे. बोललेलं थोडं खरं असतं, हीच तर पंचाईत.

कोपऱ्यात एक जुना टेप डेक होता. हरिहरपंतांचा हात आपोआप त्याच्या बटणांवर फिरला. त्यांच्याकडेही असा होता. रविवारी दुपारी बायको रेडिओवरची गाणी टेप करी आणि ते मधेच शिंकले की तिचा आरडाओरडा. त्या कॅसेटी माळ्यावर असतील अजून, एकेका गाण्यात त्यांची शिंक घेऊन.

"हे अजून चालतं?"

"सेकंडहँड आहे. म्हातारी माणसं येतात ना. लग्नाच्या कॅसेटी, बारशाच्या कॅसेटी."

बसमध्ये बसल्यावर हरिहरपंतांना ऋतुराजची शपथ पुन्हा आठवली. खोटा साक्षीदार शपथ ऐसपैस घेतो: मला काही माहीत नाही, मी कधी पाहिलंच नाही. या पोराने शपथ मापात घेतली होती. त्या लॅपटॉपमधून नाही, एवढंच. ती शपथ खरी असावी, असं त्यांना वाटलं. मग कान का खाजवला लेकाने?

४

दामाजीच्या नव्या बंगलीच्या कमानीवर सिमेंटच्या अक्षरांत 'गोमाजी कृपा' असं नाव होतं. दारापुढे दक्षताच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ओटीवर गोदीतून निवृत्त झालेला दामाजी जाळ्याची फाटकी टोकं सांधत बसला होता. खाडीत आता मासळी राहिली नव्हती, तरी त्याच्या बोटांना सवय होती.

"बसा वकीलसाहेब. दर्शनला समजवा जरा," दामाजी म्हणाला. "कशाला पोलीस बिलीस? त्या पोरीचं वाटोळं होईल."

"तिनं चोरी केली असेल तर?"

"चोरी कसली हो? चोरी म्हणजे वस्तू जायला पाहिजे. माझं जाळं नेलं, तर माझ्याकडं जाळं नाय. गाना तर बहिणीच्या गल्यात हाय तसाच हाय. काय गेला तिचा?"

"मग त्या गात का नाहीत?"

दामाजीने दोरा दाताने तोडला.

आत भिंतीवरच्या फळीवर एक दांडगा टेपरेकॉर्डर होता, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. हरिहरपंत उठून जवळ गेले. "व्वा! हा तर गोदीवाल्यांकडे असायचा. चालतो का?"

"चालतो, पण कॅसेट खातो," दामाजी पटकन म्हणाला. "शोभेलाच ठेवलाय."

शेवंतीबाईंचं घर मागच्या आळीत. त्या अंगणात कोलंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वकीलदादा, समजूत घालाया आला आसल, तर कोलंबी घेऊन जा, पन समजूत नको."

"समजूत नाही. एक विचारायचंय वहिनी. क्षिप्रानं तुमच्याकडे देवाचं आवतण मागितलं होतं?"

"लय येला मागितला."

"दिलंत?"

कोलंबी सोलणारी बोटं थांबली. "घरात बसून कसा देऊ? मांडव नाय, हलद नाय, नवरा नाय न् नवरी नाय. आवतन गायला, की देव निगतात घरून. गेलेली मानसा निगतात. ज्या घरचा लगीन त्या घरचे वाडवडील नाव घेऊन बोलवायचे आस्तात. ती येनार न् बगनार, तर मांडव नाय! मंग? माज्या सासूनं सांगलेला, शेवंते, खोटा आवतन देव नको, गेलेल्या मानसाची थट्टा व्हते. जल्मात दिला नाय."

हरिहरपंतांचा चेहरा खुलला. "म्हणजे जे वाजतंय, ते तुमच्या घरात बसून भरलेलं असूच शकत नाही! लॅपटॉप, पासवर्ड, सगळं बाद. ते खऱ्या लग्नातलं आहे."

"आसल," शेवंतीबाई म्हणाल्या. "पन ती पोरगी माज्यासंगती लग्नाला पन आली चार येला."

मागून आवाज आला. दर्शन कुंपणापाशी उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे मांडवात मोबाइल लपवून रेकॉर्ड केलं! घरी मागितलं, दिलं नाही, म्हणून चोरून. हे तर अजून घाण काम झालं, वकीलकाका. बरं झालं, सांगितलंत. कंप्लेंटमध्ये हेच लिहितो."

झालं! सोडवायला गेलेल्या वकिलाने अशिलाच्या गळ्यातला फास आणखी आवळून ठेवला. हरिहरपंत कोलंबीची पिशवी घेऊन मुकाट्याने रिक्षात बसले.

५

शनिवारी हरिहरपंतांनी ते गाणं ऐकायला घेतलं. क्षिप्राने फोनला कानात घालायच्या वायरी जोडून दिल्या होत्या आणि ती स्वयंपाकघरात कोलंबीशी झटापट करत होती. तेवढंच तिचं मन रमेल, म्हणून त्यांनीच तिला कामाला लावलं होतं.

ढमढम. आवाज. मग भोंगा. आधी एक छोटा, मग लांबलचक, आणि शेवटी सूर खाली ओघळत गेलेला.

हरिहरपंत खुर्चीतून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मांडणीवरून दोन ताटं काढून ओट्यावर ठेवली.

"काका, अजून शिजलं नाही," क्षिप्रा म्हणाली.

हरिहरपंत ताटांकडे बघत राहिले. दोन ताटं. एक त्यांचं. दुसरं कुणाचं?

आणि मग त्यांना कळलं. खाडीपलीकडे एक गिरणी होती. दुपारी तिचा भोंगा व्हायचा, तो असाच, शेवटी दम लागल्यासारखा खाली येणारा. कोर्टाला सुट्टी असेल त्या दिवशी भोंगा झाला की बायको हाक मारायची, "अहो, ताटं घ्या." सगळ्या ठाकुर्लीची भूक त्या भोंग्यावर चालायची. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, तिथे आता टॉवर उभे आहेत. हाक मारणारीही गेली. आणि आज इतक्या वर्षांनी त्या भोंग्याने त्यांना उठवून ताटं घ्यायला लावली होती. डोळे भरून आले त्यांचे. पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"क्षिप्रा, तू जन्मलीस कधी गं?"

तिने साल सांगितलं. तोवर गिरणीच्या आवारात गवत माजून किती काळ लोटला होता!

"पण काका, असे सायरन डीजेवाले हल्ली वरूनच टाकतात."

हरिहरपंत पुन्हा ऐकायला बसले. एकदा, दोनदा, डोळे मिटून. भोंगा सुरू होताच आवाज ओळीच्या मध्यावर थांबत होता. भोंगा ओसरला की तीच ओळ तिथूनच पुढे. गाणारी बाई भोंग्यासाठी थांबली होती.

मग त्यांनी ढोलाकडे दुर्लक्ष करून नुसते शब्द ऐकले. देव झाले. मग गेलेल्या माणसांची नावं. त्यातलं एक नाव ऐकून ते ताठ झाले. ते नाव त्यांनी कालच वाचलं होतं, सिमेंटच्या अक्षरांत.

"कोलंबी झाकून ठेव," ते म्हणाले. "आधी दर्शनला फोन लाव. उद्या सकाळी सगळ्यांना बोलवायचंय."

६

रविवारी सकाळी दामाजीच्या ओटीवर माणसं जमली. शेवंतीबाई भिंतीला टेकून, दर्शन हाताची घडी घालून, दामाजी जाळं घेऊन, क्षिप्रा दाराशी. ऋतुराजही आला होता. जुना टेप डेक घेऊन ये, एक काम आहे, एवढंच हरिहरपंतांनी त्याला कळवलं होतं. इथे आल्यावर मात्र त्याला घाम फुटला होता.

"दर्शन," हरिहरपंतांनी सुरुवात केली, "आवतण घरात गायलं जात नाही, हे तू आत्याच्या तोंडून ऐकलंस. म्हणजे हे खऱ्या लग्नातलं. बरोबर?"

"बरोबर. हिनं मोबाइलवर घेतलेलं."

"ऐक आता." त्यांनी फोनवर तो तुकडा लावला. भोंगा झाला. दामाजीचं जाळं मांडीवरून खाली घसरलं. शेवंतीबाईंनी मान वर केली.

"गिरनीचा भोंगा!" त्या म्हणाल्या. "या बया! किती वर्सानी आयकला."

त्या दिवशी मांडवात शेवंतीबाई दोन ओळींपलीकडे ऐकू शकल्या नव्हत्या. रागाने कानच बंद झाले होते.

"डीजेवाल्यानं टाकलाय तो सायरन," दर्शन म्हणाला.

"मग आत्या त्याच्यासाठी ओळ का तोडतेय? पुन्हा ऐक. भोंगा आणि गाणं एकाच वेळी, एकाच ठिकाणी झालेलं आहे. ही गिरणी तुझ्या लहानपणीच बंद पडली. क्षिप्रा तेव्हा जन्मलीही नव्हती. मोबाइल तर कुणाच्या स्वप्नात नव्हता. मग ही पोरगी हे चोरणार कशी?"

दर्शनची हाताची घडी सुटली. त्याने क्षिप्राकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"मोबाइल नव्हता, पण टेपरेकॉर्डर होता," हरिहरपंत पुढे म्हणाले. "आता प्रश्न एकच, लग्न कुणाचं? आवतणात त्या घरच्या वाडवडिलांची नावं घेतात. यात एक नाव आहे, गोमाजी आजा, होडीवाला. बाळा, त्या हळदीपासून तू हे गाणं शंभरदा ऐकलं असशील. तुझ्याच घराच्या कमानीवरचं नाव त्यात आहे, ते एकदाही ऐकलं नाहीस?"

हिशेब सोपा होता. गोमाजींच्या घरातली लेक शेवंती. तिला भाऊ एकच. तिचं स्वतःचं सोडलं, तर त्या घरात त्या काळी लग्नही एकच झालं होतं.

"दामाजी," हरिहरपंत हळू आवाजात म्हणाले, "शोभेला ठेवलेला टेप कॅसेट खातो, हे तुला कसं कळलं? हल्लीच कॅसेट घातल्याशिवाय कळत नाही रे."

दामाजी उठला. गुडघे धरत बहिणीपुढे जाऊन खाली बसला.

"ताई, माझ्या लग्नात पाटामागं ठेवलेला मी टेप. वरून सोवळ्याचं कापड टाकलेलं. नवऱ्या मुलाला कोन विचारतंय, मागं काय हाय? तू कुनाला भरू देत नव्हतीस, न् मना तर तुझा आवाज पाहिजे होता. गोदीत डबल ड्यूटीला बसायचो, तवा ती कॅसेट लावायचो. दक्षताची आई गेली, तवा पन लावली. आता दक्षी जाईल सासरी, तिला द्यावी म्हटलं. टेपनं पट्टी खाल्ली, म्हणून मानपाड्याला दिली याच्याकडं."

सगळ्यांचे डोळे ऋतुराजकडे वळले.

"तुझी शपथ खरी होती," हरिहरपंत त्याला म्हणाले. "लॅपटॉपमधून तू काही घेतलं नाहीस. कॅसेटमधून घेतलंस आणि कुणा डीजेवाल्याला दिलंस, हो ना?"

"अंकल, जुनी कॅसेट होती, म्हातारी कुणी बाई असेल, गेलीही असेल असं वाटलं," ऋतुराज पुटपुटला. "कोण विचारायला येणार?"

"मी आली ना!" शेवंतीबाई कडाडल्या. मग भावाकडे वळल्या. "न् तू? त्या पोरीला चोर म्हनत व्हते, तवा तुजी वाचा बसलेली?"

"तुला कळलं असतं, तर तू माझं तोंड पाहिलं नसतंस. घाबरलो ताई."

"दर्शनला पोलिसांत नको जाऊ सांगतोस, न् खरा नाय सांगत! वा रं वा, लबाडा!" शेवंतीबाईंचा आवाज चिरकला. क्षिप्रा पुढे होऊन त्यांच्याजवळ बसली, तेव्हा त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि नंतर कितीतरी वेळ सोडला नाही.

"वहिनी, कायदा तुमच्या बाजूचा आहे," हरिहरपंत म्हणाले. "आवाज तुमचा, हक्क तुमचा. याच्यावर तक्रार करायची असेल, तर उद्या मी स्वतः काळा कोट चढवून येतो."

"कोर्टात मना गाऊन दाखवाया लावतील?"

"लावतीलही. आवाज तुमचाच आहे हे पटायला."

"मंग नको. तिथं मांडव नाय." त्यांनी ऋतुराजकडे बोट केलं. "यानं आज ते सगलीकडून काडायचं. न् या पोरीच्या कॉलेजात जाऊन सांगायचं, चोर मी हाय, ही नाय. दर्शन जाईल संगती, त्यानं पन माफी मागायची. नाय केलास, तर वकीलदादाचा कोट हायच."

७

उठताना दामाजीने आतून ती कॅसेट आणली आणि बहिणीच्या पायाशी ठेवली. "फोड पाहिजे तर."

शेवंतीबाईंनी ती उलटीसुलटी केली. "मी कशी गायची तवा, मना तरी कुटं म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "लाव एकदा."

ऋतुराजने डेक जोडला. आता ढोल नव्हता. मांडवातली कुजबुज, कुणाच्या बांगड्या, लांबवर कुत्रं. आणि तो आवाज, तरुण, भरलेला. देव आले, गोमाजी आजा आला, भोंगा आला, शेवंती थांबली. डीजेवाल्याने भोंग्याला लागूनच ओळीचा उरलेला भाग जोडला होता, मधला तुकडा कापून टाकला होता. कॅसेटमध्ये तो होता. त्यात एका पुरुषाचा आवाज, जवळून, दटावल्यासारखा:

"शेवंते, पानी पी. गला सुकंल."

शेवंतीबाईंनी पदर तोंडावर दाबला. उत्तमचा फोटो घरात होता, चपला होत्या, वल्हं होतं. त्याचा आवाज जगात कुठेही शिल्लक नव्हता, अशी त्यांची आजवरची समजूत होती.

"फिरव मागं," त्या म्हणाल्या.

ऋतुराजने गाणं सुरुवातीपासून लावलं.

"गाना राहू दे रं. पानी पी बोलतो, ते लाव."

त्यांनी ते कितीतरी वेळा ऐकलं. दर्शन भिंतीकडे तोंड करून उभा होता. हरिहरपंतांना माळ्यावरच्या कॅसेटी आठवल्या. आज घरी गेल्यावर शिडी लावायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दक्षताच्या हळदीला गोमाजी कृपाच्या दारात मांडव पडला. शेवंतीबाई पाटासमोर बसल्या आणि त्यांनी क्षिप्राला हाक मारली. "तुजा मशीन आन. हितं ठेव, समोर. लपवून नाय."

"मावशी, आवतण आहे हे."

"मांडव हाय ना? मंग भर."

देवांना आवतण गेलं. गोमाजी आजाला गेलं. मग शेवंतीबाईंनी आणखी एक नाव घेतलं. घरच्या आवतणात जावयाचं नाव घ्यायची पद्धत नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, पण शेवंतीबाईंनी ते सुरात, पुऱ्या मानाने घेतलं: उत्तम. आणि त्या थांबल्या.

गळा सुकलाय असं वाटून दामाजीने घाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

शेवंतीबाईंनी त्याचा हात मागे सारला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "बोलावलाय त्याला. तो सांगल."